पाणी कुठे मुरतंय

मलेशियातल्या तायपिंगच्या तळ्याकडून येणारा रस्ता जिथे जुन्या कथिलाच्या खाणींकडे वळतो, तिथे वळणावरच पाक तालिबचं गॅरेज होतं. झैतून, लाडाने तून, ही पाक तालिबची एकुलती एक मुलगी. आई बाळंतपणातच गेलेली, घरी बघायला कोणी नाही, म्हणून ती रांगायला लागली तीही गॅरेजातच. बाप कामात असला की तिला एका मोठ्या टायरच्या पोकळीत बसवून ठेवायचा. शाळेत जायला लागल्यावरही शाळा सुटली की पोरगी थेट गॅरेजात. शिकवायचं म्हणून बापाने तिला कधी काही शिकवलं नाही. हाताशी होती म्हणून हा पाना दे, तो पाना दे, असं चालायचं. पण पुढे पुढे बापाने तोंड उघडायच्या आत ती बोल्टचं डोकं बघून नेमका पाना त्याच्या हातात ठेवायला लागली. आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायला तर ती कधी शिकली हे तिलाही सांगता आलं नसतं.

ती पंधरा-सोळा वर्षांची असताना शुकरी कामाला आला. क्रियानकडच्या भातशेतीच्या गावातला मुलगा, उंच, अबोल, हाताने संथ पण कामाचा पक्का. स्पार्क प्लगची फट कशी धरायची ते त्याला झैतूनने दाखवलं. तेव्हा ती मालकाची मुलगी होती, त्याला सरळ शुकरी म्हणायची, अरेतुरे करायची, चुकला तर हसायची. तो कान लाल करून पुन्हा करायचा. बापाने त्याच्याशी लग्न ठरवलं तेव्हा तिची ना नव्हती. उलट मनातल्या मनात तिनेच ते आधी ठरवलं होतं.

लग्न झालं आणि शुकरीचा आबांग झाला, आबांग म्हणजे दादा, तिकडे बायका नवऱ्याला तसंच म्हणतात; तूचं तुम्ही झालं. सगळ्यांच्या घरात होतं तसंच. लग्नाच्या पुढच्या आठवड्यात ती सवयीने गॅरेजात गेली तर बाप म्हणाला, "आता तू घर बघ, तून. इथे शुकरी आहे." एवढंच. बोलण्यात राग नव्हता, काही नव्हतं. तिने हातातला पाना फळीवर ठेवला आणि घरात गेली. पुढे बाप गेला, गॅरेज शुकरीच्या नावावर झालं, दोन मुलं झाली, वाढली, मुलगा पेनांगच्या कारखान्यात लागला, मुलगी लग्न करून इपोहला गेली. झैतूनने पन्नाशीकडे झुकेपर्यंत घर बघितलं.

घर गॅरेजच्या मागेच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण आणि गॅरेजची अर्धी बाजू दिसायची. आमटी ढवळता ढवळता तिचे कान तिकडेच. कधी जेवताना ती सहज बोलून जायची, "त्या निळ्या व्हॅनचा पट्टा ढिला आहे वाटतं." शुकरी म्हणायचा, "हं, बघतो." दुसऱ्या दिवशी व्हॅनचा आवाज सरळ यायचा. पट्टा ढिला होता हे शुकरीने घरी येऊन कधी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. असं कितीदा तरी झालं.

मग चिकगू सलवाची गाडी आली.

सलवा शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला चिकगू म्हणायचे. नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. बदली होऊन ती आईला घेऊन या गावात आली होती. तिची शाळा डोंगराच्या रस्त्यावर, रबराच्या मळ्यांच्या पलीकडे. रोज चढ चढून जायचं, उतरून यायचं. गाडी छोटीशी, पांढरी, तीन सिलिंडरची, रस्त्यावर दर दोन गाड्यांमागे एक दिसायची तसली. एके दिवशी चढावर इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. शुकरीने जाऊन गाडी ओढून आणली. बघितलं तर कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्या पाण्याची, बाटली कोरडी ठणठणीत. त्याने भरली, रेडिएटरचं झाकण जुनं झालं होतं ते बदललं, गाडी दिली.

दहाएक दिवसांनी गाडी परत दारात. बाटली पुन्हा रिकामी. गाडीखाली मात्र ओलाव्याचं नाव नाही. या खेपेला शुकरीने वरचा आणि खालचा होजपाइप बदलला, क्लिपा नव्या टाकल्या. गाडी गेली. गाडी परत आली.

खिडकीतून झैतूनला गाडीपेक्षा बाकीचंच जास्त दिसत होतं. चिकगू दुपारी शाळा सुटली की यायची, गाडी उभी करायची आणि गॅरेजच्या बाहेरच्या बाकावर बसायची. उंच, सडसडीत बाई. डोक्यावरचा रुमाल इतका चापून बसवलेला की शाळेतून आलीय की शाळेला निघालीय ते कळू नये. शुकरी काम करता करता तिच्याशी बोलायचा. घरात ज्याला तोंड उघडायचा कंटाळा, तो बोलायचा. एकदा तर तो हसला, आणि नुसतं ओठातल्या ओठात नव्हे, मान मागे टाकून. झैतूनच्या हातातली पळी तशीच राहिली आणि भांड्याला खाली लागलं.

चिकगू कधीकधी डबा घेऊन यायची. सेरी मुका असायचा त्यात, खाली चिकट भात आणि वर नारळाच्या सायीचा हिरवा थर. शुकरीला साखरेचा त्रास होता. घरी झैतून त्याच्या चहातही साखर घालत नव्हती, आणि तोही गोडाचं काही पुढे आलं की "नको, मला चालत नाही" म्हणून ताट सरकवायचा. तो बाकावर बसून सेरी मुकाच्या दोन वड्या खाताना तिने बघितला. तिसरीला नको म्हणाला, पण म्हणताना तिसरी वडी हातात होती.

समोर काक मिनाची, म्हणजे मिनाताईची, नासी लेमाकची टपरी होती, नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताची. पहाटेपासून दुपारपर्यंत तिचं दुकान आणि दिवसभर तिची जीभ. झैतून भात घ्यायला गेली तेव्हा ती केळीच्या पानात पुडी बांधता बांधता म्हणाली, "चिकगूची गाडी म्हणजे मांजर झालंय, तून. कितीही लांब सोडा, परत तुमच्याच दारात."

"जुनी गाडी आहे, काक मिना. व्हायचंच."

"गाडी जुनी असेल. बाई जुनी नाहीये."

झैतून पुडी घेऊन हसत हसत घरी आली. आणि घरी आल्यावर ती पुडी तिने उघडलीच नाही.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच हिशेब सुरू झाला. एवढीशी गाडी, एवढंसं इंजिन. पाणी जाणार तर जाऊन जाऊन किती ठिकाणांहून जाणार? रेडिएटर, होजपाइप, पंप, इंजिनाची गॅस्केट, संपलं. बापाने अर्ध्या दिवसात शोधून काढलं असतं. आणि बापाच्या हाताखाली तयार झालेल्या, इतकी वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाला ते सापडत नाही? की सापडलंय आणि ठेवलंय तसंच? एखादी क्लिप जरा सैल सोडली की झालं. बाई दर आठवड्याला येणार, बाकावर बसणार, डबा उघडणार. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते गाडीत मुरत नाहीये, असं तिने मनाशी पक्कं केलं.

एकदा तिने चहा स्वतः नेऊन दिला. एरवी ती गॅरेजात पाय ठेवत नसे. चिकगूने उठून दोन्ही हातांनी तिचा हात धरला, तब्येतीची चौकशी केली, मुलांची नावं घेऊन चौकशी केली. हिला माझ्या मुलांची नावं कशी माहीत, एवढंच झैतूनच्या मनात आलं. ती "चहा निवेल" म्हणून परत फिरली. रात्री जेवताना तिने शुकरीला सांगितलं, की त्या बाईंना सरळ सांगा, गॅस्केट गेलीय, गाडी विकून टाका, नवी घ्या.

शुकरी म्हणाला, "गॅस्केट नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, तेलही स्वच्छ आहे."

हे बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच तिला जास्त राग आला.

पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा आली, नेमकी मुसळधार पावसात. शुकरीने सांगितलं की गाडी आज राहू द्या, उद्या रेडिएटरच बदलतो. चिकगूला घरी सोडायला तो आपली व्हॅन घेऊन निघाला. झैतून खिडकीत उभी राहून बघत होती. त्याने छत्री धरली, व्हॅनचं दार उघडलं, बाई आत बसेपर्यंत भिजत उभा राहिला. सोळा-सतरा मिनिटांचा रस्ता. तिने मासा तळून ठेवला, भात झाकून ठेवला. मासा गार झाला. संध्याकाळच्या नमाजाची वेळ उलटून गेली तेव्हा व्हॅन अंगणात शिरली.

झाड पडलं होतं रस्त्यात, तो म्हणाला. कापून बाजूला होईपर्यंत थांबावं लागलं. झैतूनने ताट वाढायला घेतलं तर तो म्हणाला, "मला नको. जेवलो मी."

"जेवून आलास?"

तिच्या तोंडून तू निघून गेलं. लग्नापासून कधी निघालं नव्हतं. शुकरीनेही ते ऐकलं. चिकगूच्या म्हाताऱ्या आईने आग्रह केला, नाही म्हणता येईना, एवढं सांगून तो हात धुवायला गेला. झैतून एकटी जेवायला बसली. तळलेला मासा तिने काटे काढत काढत पूर्ण खाल्ला, त्याच्या वाटणीचासुद्धा, आणि चव म्हणून काही लागली नाही.

सकाळी शुकरी नमाज आटोपून बाजारात गेला. तिथून कोह पेंगच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून रेडिएटर घेऊन येणार होता, म्हणजे निदान दोन तास गेले. झैतून खिडकीतून त्या पांढऱ्या गाडीकडे बघत राहिली. मग गॅस बंद केला, रुमालाची टोकं मानेमागे बांधली आणि मागच्या दाराने गॅरेजात गेली.

शोधायचं काय ते तिला पक्कं माहीत होतं. सैल सोडलेली क्लिप. ती मिळाली की हातात घेऊन ती दारात उभी राहणार होती. काय बोलायचं तेही रात्री जागून ठरवलं होतं. तिने बॉनेट वर केलं, एकेक क्लिप हाताने चाचपली, मग स्क्रू ड्रायव्हर लावून बघितली. सगळ्या नव्या, सगळ्या घट्ट, बसवलेल्याही नीट, बापाने बसवल्या असत्या तशा. नळ्यांच्या तोंडाशी मुळीच ओल नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण रात्री पाठ केलेलं सगळं वाया गेल्यासारखं झालं, आणि ती हट्टालाच पेटली. क्लिप नाही तर दुसरं काहीतरी असेल.

भिंतीवर बापाच्या वेळचा हातपंप टांगलेला होता, रेडिएटरच्या तोंडावर बसवून दाब द्यायचा. तिने तो काढून बसवला आणि हळूहळू दाब भरला. पंपावरचा काटा चढला, थांबला. ती वाट बघत राहिली. रात्रभर बंद राहिलेलं इंजिन हाताला थंडगार लागत होतं. काटा हलला. एकदम नाही, अगदी झोपेत कूस बदलावी तसा, पण खाली आला. तिने पुन्हा दाब भरला, पुन्हा तो उतरला. म्हणजे गळत होतं, आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत. आणि जमिनीवर थेंब नाही.

ती घरात जाऊन आपला छोटा आरसा आणि बेदाकची डबी घेऊन आली. बेदाक म्हणजे तांदळाची पावडर, दुपारी तोंडाला लावायला ती घरीच करायची. इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे हात जेमतेम शिरतो, तिथून एक लोखंडी नळी पाण्याच्या पंपाकडे जाते. वरून काही दिसत नाही. तिने हवेचा डबा काढून ठेवला, बॅटरी काढली, टॉर्च दातात धरला आणि आरसा आत सरकवला. जोड दिसला, पण अंधुक. मग तिने चिमूटभर पावडर बोटावर घेऊन त्या जोडावर फुंकली, आजूबाजूला पांढरं झालं, आणि पुन्हा दाब दिला.

थोड्या वेळाने पांढऱ्यावर एक बारीक ओली रेघ उमटली. नळी पंपात शिरते तिथूनच ती निघत होती आणि खाली उतरत होती. आरसा आणखी खाली नेला तर गिअरबॉक्सच्या पाठीवर एक खोलगट जागा होती, तळहाताएवढी, आणि तिच्यात हिरवं पाणी साचलं होतं. कडेला पांढरट खार धरला होता, कित्येक आठवड्यांचा.

मग तिला सगळंच दिसलं. नळीच्या तोंडाशी रबराची रिंग असते, ती वाळून कडक झाली होती. इंजिन गार असलं की रिंग आकसते आणि रात्रभर थेंब थेंब गळतं. जमिनीवर काही पडत नाही, कारण खालची खोलगट जागा सगळं झेलते. सकाळी गाडी डोंगर चढली की इंजिन तापतं, रिंग फुगून बसते, गळती बंद, आणि साचलेलं पाणी वाफ होऊन उडून जातं. चिकगू दुपारी यायची, इंजिन तापलेलं असताना. शुकरी तेव्हाच दाब देऊन बघायचा, काटा जागचा हलायचा नाही, आणि संध्याकाळी गाडी परत जायची. गाडी रात्री इथे राहिली ती कालच पहिल्यांदा.

नवऱ्याने काही लपवलं नव्हतं. झैतून आरसा हातात घेऊन उभी राहिली. चोर सापडला होता आणि तो घरातला नव्हता. तरीही तिची छाती हलकी होईना. हसणं खरं होतं, वडी खरी होती, छत्रीही खरी होती. त्यांचं काय करायचं?

खरं तर आता बॉनेट लावून घरात जायचं. पण हात थांबेनात. तिने खाली बादली ठेवून कूलंट सोडलं. आडवा येणारा एक ब्रॅकेट काढला, नळीचा बोल्ट काढला. तो गंजला होता, त्याला तेल घालून, ठोकून, थोडा मागे थोडा पुढे करत सोडवावा लागला. बोटाची सालं निघाली. नळी डाव्या हाताने पिळत ओढली तेव्हा ती एकदम सुटून हातात आली, आणि तिला झालेला आनंद फार जुना होता, लग्नाआधीचा.

अंगणात व्हॅन थांबली. शुकरी रेडिएटरचा खोका घेऊन आत आला आणि दारातच थबकला. बायको काळ्या हातांनी नळी धरून उभी होती, कपाळावर पावडर लागली होती.

"काय करतेयस?"

तिने नळीच्या तोंडावरची रिंग नखाने काढून त्याच्या तळहातावर टाकली. त्याने ती वाकवून बघायचा प्रयत्न केला तर ती कट्कन तुटली. तो तुकड्यांकडे बघत राहिला, मग वाकून आत बघितलं, गिअरबॉक्सवरचं पाणी बघितलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटत गेलं.

"गार असताना," तो म्हणाला.

"गार असतानाच. तुम्ही दर वेळी तापलेली बघत होतात."

त्याने खोका खाली ठेवला. समोरच्या टपरीवर काक मिना कोणाला तरी तिखट कमी नको म्हणून समजावत होती ते ऐकू येत होतं.

"एक विचारते," झैतून म्हणाली. "शुकरी, तुला सापडलं नाही, की तू शोधलं नाहीस?"

या वेळी तू चुकून निघालं नव्हतं.

"शोधलं, तून. अल्लाची शपथ, सगळं शोधलं. झोपेतसुद्धा तीच गाडी होती." इथे तो थांबला असता तर चाललं असतं. पण खोटं त्याला आयुष्यात जमलं नाही, आणि अर्धं खरंही नाही. तुटक्या रिंगचे तुकडे बोटांनी जुळवत तो म्हणाला, "पण सापडत नव्हतं, त्याचं वाईटही वाटत नव्हतं."

झैतूनने ते ऐकलं. तिने नळी चिंधीने पुसली, पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

"कोह पेंगकडे परत जा," ती शेवटी म्हणाली. "याच मापाची रिंग आण. दोन आण. आणि तो रेडिएटर परत देऊन ये, काही झालेलं नाही गाडीच्या रेडिएटरला."

तो गेला. ती हत्यारांच्या पेटीवर बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. मग उठून तिने पंपाचं तोंड बारीक पॉलिश पेपरने घासलं, खार निघून धातू लकाकेपर्यंत. शुकरी आला तेव्हा तिने हात पुढे केला आणि त्याने रिंग तिच्या हातावर ठेवली. रिंगला साबणाचं पाणी लावून तिने ती बसवली, नळी सरळ धरून आत दाबली. बोल्ट घालायला आत अंधार होता. शुकरीने न सांगता टॉर्च घेतला आणि नेमका हवा तिथे धरला. कूलंट भरलं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, होजपाइप दाबत दाबत आतली हवा काढली. बुडबुडे येत राहिले, मग थांबले. पंखा फिरला. इंजिन बंद करून दुपारपर्यंत गार होऊ दिलं आणि मग दाब देऊन बघितलं. काटा खिळा ठोकल्यासारखा उभा. दोघं त्याच्याकडे बघत होते, एकमेकांकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं.

चिकगू सलवा शाळेच्या व्हॅनने आली. झैतूनने हात अजून धुतले नव्हते. चिकगूने ते हात बघितले, बाजूला पडलेला आरसा बघितला आणि तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्हीच शोधलंत! मी यांना किती वेळा म्हटलं, काकना विचारा."

काक म्हणजे थोरली बहीण. झैतून ताठ झाली. "तुम्हाला काय माहीत माझं?"

"सगळं माहीत आहे," चिकगू हसून म्हणाली. आणि बाकावर बसून सांगत सुटली. की तुम्ही म्हणे लहानपणी डोळे मिटून सांगायचात, कुठला सिलिंडर मार खातोय. की स्पार्क प्लग बसवायला यांना तुम्हीच शिकवलंत, आणि हे चुकले की तुम्ही हसायचात, म्हणून हे रात्री एकटे बसून सराव करायचे. की अजूनही तुम्ही जेवताना सहज सांगता, अमक्या गाडीचा पट्टा ढिला आहे, आणि हे जाऊन बघतात तर तो ढिलाच असतो. एकदाही चुकला नाहीत म्हणे. "माझा नवरा माझ्याबद्दल असं कोणाशी बोलला असेल का, असं मनात यायचं ऐकताना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला.

झैतूनने शुकरीकडे बघितलं. तो एक स्वच्छ पाना पुसत होता.

इतकी वर्षं ती ज्या एका वाक्यासाठी कान लावून बसली होती, ते त्याच्यापाशी होतं. असं एकच नाही, ढीगभर होतं. आणि ते त्याने घरात न आणता या बाकावर, या बाईच्या पुढ्यात ओतलं होतं. वड्यांचं, हसण्याचं, छत्रीचं तिला एकदम काहीच वाटेनासं झालं. हे त्याहून वाईट होतं. माझं कौतुक, आणि ते हिने ऐकलं, मी नाही. असा जळफळाट तिचा आयुष्यात झाला नव्हता, आणि तो कोणावर काढायचा तेही कळेना. बाईवर काढावा तर बाई ते सगळं तिलाच आणून देत होती.

"बाटली सकाळी बघत जा," ती चिकगूला म्हणाली. "गाडी गार असताना. आणि साधं पाणी घालू नका, नळी गंजते." गाडीची किल्ली तिनेच दिली.

पांढरी गाडी वळणाआड गेल्यावर शुकरी म्हणाला, की तुला राग आलाय. ती म्हणाली, हो. तो म्हणाला, मी काही वाईट बोललो नाही तुझ्याबद्दल. ती म्हणाली, "तेच तर." त्याला ते कळलं नाही, आणि तिने समजावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅरेजात आली. कोणी बोलावलं नव्हतं, तिनेही विचारलं नाही. शुकरीने आपलं स्टूल थोडं सरकवून जागा केली. काक मिना टपरीतून ओरडली, "काय गं, राखणीला बसलीस वाटतं?"

"हो, बसले," झैतून म्हणाली.

लोकांनी दोन महिने नवल केलं, मग सवय झाली. काही गिऱ्हाइकं तिलाच शोधत यायला लागली, विशेषतः ज्यांची गाडी दुसरीकडे फिरून आलेली असायची. शुकरीला याचा त्रास झाला का? थोडा झाला. कोणी "काक आहेत का?" विचारलं की तो "आहे ना, मी पण आहे" म्हणायचा. तेव्हा झैतून मान खाली घालून काम करत राहायची, पण तिला बरं वाटायचं.

संध्याकाळी हत्यारं आवरताना ती एक प्रश्न विचारायची. "आणखी काय सांगितलंस तिला?" सुरुवातीला तो म्हणायचा, आठवत नाही. ती थांबायची. मग तो आठवून एखादं सांगायचा, अडखळत, तिच्याकडे न बघता. बाप गेला त्या दिवशी गिऱ्हाइकाची गाडी अडली होती, तेव्हा तू रडत रडत मला कार्बोरेटरबद्दल सांगितलंस ते. किंवा, गॅरेज माझ्या नावावर झालं तेव्हा मला लाज वाटली होती, ते. हे शेवटचं ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी तिने काही विचारलं नाही.

चिकगू तेल बदलायला येत राहिली. डबा आता ती झैतूनच्या हातात द्यायची. झैतून तो घ्यायची, उघडायची, एक वडी शुकरीला द्यायची, एकच, आणि बाकीच्या समोर टपरीत पाठवायची. दोघींचं बोलणं गाडीपुरतं. पुढे चिकगूची पहांगला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी ती गाडी दाखवायला आली. झैतूनने सकाळीच गाडी ठेवून घेतली, गार असताना पूर्ण तपासली, पट्टे, पाइप, ब्रेक, मागची नळी आरशातून. शुकरीला हात लावू दिला नाही.

किल्ली घेताना चिकगूने हळूच विचारलं, "काक, तुमचा माझ्यावरचा राग गेला का?"

झैतूनने विचार केला. "नाही," ती म्हणाली. "पण गाडी जाईल पहांगपर्यंत."

चिकगू हसली, मग दोन्ही हातांनी तिचा हात धरला, ग्रीस लागेल याची पर्वा न करता. झैतूनने या वेळी तो लगेच सोडवून घेतला नाही.

त्यानंतर कित्येक दिवस तिने शुकरीला काही विचारलं नव्हतं. बाई गेली, विषय संपला असं तिने स्वतःला सांगितलं होतं. एक दिवस दुपारी शुकरी एका लॉरीखाली झोपून काम करत होता, ती टायरमध्ये हवा भरत होती. कॉम्प्रेसरच्या आवाजात तो खालून काहीतरी म्हणाला.

"काय?"

"म्हटलं, तुझ्याबद्दलचं एक राहिलंच होतं. तिलाही सांगितलं नव्हतं."

झैतूनने उठून कॉम्प्रेसर बंद केला.